रिनोचा शिंपी

श्रोतेहो, नमस्कार.

माझे वडील शिंपी होते. बाजारपेठेतल्या एका चिंचोळ्या गाळ्यात त्यांनी जन्मभर मशीन चालवलं. जीन्सची लांबी कमी करायला कुणी आलं, की ते आधी मशीनला अठरा नंबरची सुई लावायचे. मग बाजूच्या शिवणीपाशी, जिथे कापडाचे पदर एकावर एक येतात, तिथे हातोडीने ठोकून जाडी चपटी करायचे. तरीही कधीकधी सुई तुटायचीच. एकदा खिशाच्या कोपऱ्यावरच्या तांब्याच्या रिव्हेटवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या छोट्या खिळ्यावर, बोट ठेवून ते म्हणाले, "हे ज्यानं इथं बसवलं ना, तो शिंपीच असणार. कापड कुठं आधी फाटतं ते दुसऱ्याला कसं कळणार?"

वडिलांचं म्हणणं खरं होतं. त्या शिंप्याचं नाव जेकब डेव्हिस. आज मला त्याची आठवण तुमच्यासोबत काढायची आहे.

जेकबचा जन्म १८३१ सालचा, रिगा शहरातला. आज ती लाटव्हियाची राजधानी आहे, तेव्हा ते शहर रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू, आडनाव युफेस. शिवणकाम तो तिथेच शिकला आणि १८५४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, न्यूयॉर्कला उतरला. नव्या देशात त्याने डेव्हिस हे आडनाव घेतलं. आईबापांनी दिलेलं नाव बाजूला ठेवायचं आणि दुसऱ्या नावाने हाक मारली की 'ओ' द्यायची सवय करायची, हे परमुलखात पोट भरायला गेलेल्या किती जणांच्या वाट्याला आलं असेल!

पुढची चौदा वर्षं पायाला भिंगरी होती. न्यूयॉर्क, मेन, मग पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को. १८५८ मध्ये सोन्याच्या बातमीमागे तो कॅनडात फ्रेझर नदीपर्यंत गेला. सोन्याने काही त्याचं घर भरलं नाही, पण तिकडेच त्याला अॅनी भेटली. ती जर्मनीहून आलेली. दोघांचं लग्न झालं आणि पुढे त्यांना सहा मुलं झाली. बिऱ्हाड घेऊन तो नेवाडातल्या रिनो गावी आला ते १८६८ साल. गाव रेल्वेबरोबर नुकतंच वसत होतं. तिथे त्याने बिअरच्या कारखान्यात पैसे घातले आणि ते बुडाले. मग १८६९ मध्ये तो पुन्हा कातर आणि गजाकडे वळला. हातात विद्या असलेल्या माणसाला तेवढा एक आधार असतो.

रिनोत सुटाबुटाची गिऱ्हाइकं कुठून असणार? तो तंबू शिवायचा, मालगाड्यांवर टाकायची आच्छादनं शिवायचा, घोड्यांच्या पाठीवरच्या झुली शिवायचा. झुलींचे पट्टे पक्के बसावेत म्हणून त्याच्याकडे तांब्याची रिव्हेटं असत.

१८७० च्या डिसेंबरात एक बाई दुकानात आली. नवरा लाकूडतोड्या, त्याच्या अंगावर पँट टिकत नव्हती. शक्य तितकी मजबूत करून द्या, असं तिचं मागणं. जेकबने तंबूचं पांढरं जाड सुती कापड घेतलं, 'डक' म्हणतात ते, आणि पँट शिवली. शिवून झाली तेव्हा रिव्हेटं टेबलावर पडलेली होती. ती बघून त्याच्या मनात आलं, खिशाचे कोपरे यांनीच का पक्के करू नयेत? आणि त्याने ती ठोकली. किंमत तीन डॉलर.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. खिशाच्या तोंडाचे दोन कोपरे ही पँटमधली सगळ्यात दुबळी जागा. माणूस दिवसभर हात घालतो, अवजारं कोंबतो, वाकतो, उठतो. सगळा ताण त्या दोन टोकांवर येतो. तिथे दुहेरी टाके घातले तरी आधी दोरा तुटतो, मग कापड उसवतं. जेकबने तो ताण दोऱ्यावरून उचलून धातूवर टाकला. वर्षानुवर्षं फाटलेले खिसे दुरुस्त केलेल्या हातालाच हे सुचू शकतं.

तोंडातोंडी बातमी पसरली. दीड वर्षात अशा दोनशे पँटी गेल्या. मग आजूबाजूचे लोक नक्कल करतील ही धास्ती लागली. पेटंट घ्यायचं तर खर्च ६८ डॉलर, म्हणजे तीन डॉलरच्या हिशेबाने बावीस-तेवीस पँटींची पूर्ण किंमत. अॅनीने साफ नकार दिला. आधीही त्याने कल्पनांपायी पैसे घालवले होते आणि पदरात मुलं होती. मला अॅनीचा राग येत नाही. महिनाअखेरीचा हिशेब तिलाच जुळवायचा होता. जेकबनेही तिचं ऐकलं आणि दुसरा मार्ग शोधला.

१८७२ च्या जुलैत त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या कापडाच्या ठोक व्यापाऱ्याला, लीव्हाय स्ट्रॉसच्या पेढीला, पत्र पाठवलं. त्याला इंग्रजी लिहिता येत नव्हतं, म्हणून गावातल्या औषधवाल्याकडून लिहून घेतलं. सोबत नमुन्याच्या दोन पँटी, एक डकची आणि एक निळ्या डेनिमची. पेटंटचा खर्च तुम्ही करा, हक्क अर्धे-अर्धे घेऊ, असा मजकूर. स्ट्रॉस स्वतः बव्हेरियातून आलेला. त्याने होकार दिला. पेटंट कचेरीने अर्ज परत पाठवले, मजकूर बदलून ते पुन्हा धाडले गेले. अखेर २० मे १८७३ रोजी पेटंट मिळालं, क्रमांक १३९१२१. त्यावर नाव जेकब डेव्हिसचं होतं.

डेव्हिस कुटुंब सॅन फ्रान्सिस्कोला गेलं. तिथे जेकब उत्पादनावर देखरेख करू लागला. कापड बेतणं, शिवणाऱ्यांचं काम तपासणं, हे तो १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत करत राहिला. रिनोत त्याचं दुकान होतं, तिथे २००६ मध्ये एक फलक लावला आहे.

जगभर विकल्या जाणाऱ्या त्या पँटवर मात्र स्ट्रॉसचं नाव राहिलं. जेकबचा मुलगा सायमन बापामागून त्याच धंद्यात आला. सायमनच्या मुलाने, बेनने, १९३५ मध्ये कामकऱ्यांच्या कपड्यांची स्वतःची कंपनी काढली. त्या कपड्यांवरच्या लेबलवर आडनाव आहे डेव्हिस.