फुटलेली बॅटरी परत देऊ नका

(ग्राहक दिनानिमित्त वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय ‘ग्राहक कायदा आणि नुकसानभरपाई’. कायद्याकडे येतोच, पण आधी मला बॅटरीबद्दल बोलू द्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं. त्यानंतर दापोली-मंडणगडाकडे वीज कधी आली, हे या सभागृहात कुणाला सांगायची गरज नाही. तेव्हापासून घरोघरी इन्व्हर्टर आले. कुणाकडे जिन्याखाली, कुणाकडे देवघराला लागून.

माझ्या ताईकडे तो माजघरात होता. ऐन पावसाळा, दारंखिडक्या बंद, आणि रात्री बॅटरी फुटली. सगळी ओटीवर झोपली होती म्हणून वाचली. पण ॲसिड फरशीभर पसरलं. शहाबादी म्हणजे चुनखडीचाच दगड. ॲसिड पडलं की फेसाळतो, मग खडबडीत होऊन बसतो. फणसाच्या लाकडाचं कपाट खालून करपलं. आत आईची सुती लुगडी होती, ती हातात घेतली तर तुकडे पडले. पुढे बसलेल्या माहेरवाशिणींना कळेल त्याची किंमत काय ते.

सकाळी दुकानदार आला. माणूस गोड बोलणारा. वॉरंटीत नवी बॅटरी देतो म्हणाला, भाऊजींची सही घेतली आणि फुटलेली बॅटरी टेंपोत घालून घेऊन गेला. पुढे ताईने घराच्या नुकसानीचं पत्र दिलं, तर कंपनीचं उत्तर आलं की तुम्ही बॅटरीत पाणी वेळेवर भरलं नाहीत. भरलं होतं की नव्हतं, ते आता तपासणार कशावर? बॅटरी केव्हाच भंगारात गेली होती. मला राग आहे तो याचा. घरातला एकमेव पुरावा घरच्यांच्याच सहीने बाहेर गेला.

बॅटरी फुटते कशी, तेही ऐका. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. झाकणाची भोकं बुजलेली असतील, आत प्लेटांचा जोड सुटला असेल, किंवा इन्व्हर्टरच जास्त चार्ज करत असेल. आपल्या खाऱ्या हवेत टर्मिनल गंजून सैल होतात, तेही कारण असू शकतं, आणि कंपनी नेमकं तेच पुढे करते. खरं कारण बॅटरी उघडल्यावरच कळतं. आणि चूक इन्व्हर्टरचीही असू शकते, म्हणून तोही जपून ठेवा.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा भराभर सांगतो.

बदली बॅटरी ही वॉरंटी झाली. घराचं नुकसान हा वेगळा हक्क आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे इतर मालमत्तेचं नुकसान झालं किंवा माणसाला इजा झाली, तर त्यात भरपाई मागता येते. खुद्द बॅटरीची किंमत त्यात येत नाही. म्हणून ‘सर्व दावे मिटले’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका.

आधी फोटो काढा, मग सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा टाकून त्याचा जोर घालवा. हातमोजे घाला. बॅटरी प्लास्टिकच्या टबात घालून पडवीबाहेर, पोरांचा हात पोचणार नाही अशी ठेवा. नंबर दिसेल असा फोटो, बिल, वॉरंटी कार्ड, पंचनामा आणि सुताराचा, गवंड्याचा लेखी अंदाज, सगळं एका फाईलला लावा. कंपनी आणि दुकानदार दोघांना लेखी नोटीस द्या.

दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. कंपनी कुठलीही असो, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे आपल्याला रत्नागिरीत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावायलाच हवा असं नाही. ऑनलाइनही दाखल होते. १९१५ या हेल्पलाइनवर विचारा. दोष तपासणीशिवाय कळणार नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पण पाठवायला ती तुमच्या ताब्यात हवी.

आता प्रश्न घेऊ. मागच्या बाकावरचे काका मघापासून हात वर करून बसलेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.