शिळ्या बिअरचा शेरा कुणाच्या नावावर?

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये उभं राहून बिअरवर बोलायचं म्हणजे द्राक्षांच्या गावात जवाची बाजू मांडायची. पण मला हाच श्रोता हवा होता. वाइनमुळे या शहराला एक चांगली सवय लागली आहे. ग्लास नाकाशी नेला आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर जाणकार त्या वाइनला नावं ठेवत नाही. बुचातल्या टीसीए नावाच्या द्रव्याने ती बाटली बिघडली, एवढंच तो म्हणतो आणि दुसरी उघडायला सांगतो. स्पर्धेतले परीक्षकही दुसरी बाटली मागवतात. हा न्याय बिअरला का मिळत नाही, हे मला आज मांडायचं आहे.

माझा भाचा बिअर पितो आणि लगेच मोबाइलवर तारे देतो. मागच्या मे महिन्यात तो आमच्याकडे आला, ते वाटेतल्या एका शॉपीतून एका लहान ब्रुअरीची इंडिया पेल एल घेऊन. या प्रकारात सगळा जीव हॉप्सच्या, म्हणजे बिअरला वास आणि कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, वासात असतो: संत्र्याची साल, आंबा, कधी देवदारासारखा वास. बाटली उघडली, तर यातलं काहीच नाही. पुठ्ठा, शिळा मध आणि जिभेच्या मागे रेंगाळणारा कडवटपणा. भाच्याचं लिहूनही झालं होतं: "गोडसर, सपक, हॉप्स नावालाही नाहीत. दोन तारे."

मी बाटली फिरवून लेबल पाहिलं. तारीख उलटून दोन महिने झाले होते.

"अरे, हे पाहिलंस का?"

"मामा, पैसे मी मोजले, प्यायलो मी, लागलं ते लिहिलं. यात खोटं काय आहे?"

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, म्हणूनच ते माझ्या डोक्यातून जात नाही. त्याने लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. पण तो शेरा चढला ब्रुअरीच्या नावावर. दिवाळीचा चिवडा होळीला खायचा आणि करणारीच्या हाताला चव नाही म्हणायचं, तसं हे झालं.

आम्ही दोघं त्या शॉपीत परत गेलो. फ्रिजमध्ये दर्शनी दहा-बारा बाटल्या. बाकीचे क्रेट मागे पत्र्याच्या शेडखाली, एकावर एक. नाशिकचा पारा मे महिन्यात चाळिशीला टेकतो, तेव्हा पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. मी तारीख दाखवली, तर मालक शांतपणे म्हणाला, "काका, गार केली की कळत नाही."

हे वाक्य मला फार लागलं, कारण ते खरं आहे. गारव्याने वास दबतो. चिल्ड, चिल्ड म्हणत आपण जे मागतो, त्यात शिळेपणा झाकण्याची सोय आपणच करून देतो. त्या बाटलीमागे कुणीतरी माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, निवडलेलं असतं, आठवडे मोजलेले असतात. बाटलीत शिरणारा ऑक्सिजन अब्जात पन्नास-शंभर भागांच्या आत राहावा म्हणून ब्रुअर धडपडतात आणि पुढे ती बाटली पत्र्याखाली पडते. तापमान दहा अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. पुठ्ठ्याच्या वासाशी ट्रान्स-टू-नॉनेनल या द्रव्याचं नाव जोडलं जातं, आणि ते इतक्या कमी प्रमाणात नाकाला कळतं की गारवा उतरल्यावर लपवायला जागाच राहत नाही.

उन्हाचा बिघाड वेगळा, तोही सांगून टाकतो. प्रकाशाने हॉप्समधली कडू द्रव्यं फुटतात आणि गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. अमेरिकेत त्याला स्कंक या प्राण्याचं नाव दिलंय. बिनरंगी काचेच्या बाटलीत कडक उन्हात हे काही मिनिटांत घडतं. हिरवी बाटली फारसं वाचवत नाही, तपकिरी बरीच वाचवते, कॅन पूर्ण. तेव्हा उन्हातल्या टेबलावर हिरवी बाटली ठेवून तासाभराने तिला नावं ठेवू नका, हे हात जोडून सांगतो.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, म्हणून मुद्द्यावर येतो. शिळ्या बिअरवर लिहावं का? जरूर लिहावं. पण बाटलीवर लिहावं, बिअरवर नाही. तारीख, शॉपी, ती गार कपाटात होती की उघड्यावर, हे सगळं लिहा आणि तारे देऊ नका. तारीख उलटलेली असेल तर जाब दुकानदाराला विचारायचा. आपल्याकडे बाटलीबंद बिअरला बहुधा सहा महिन्यांची मुदत असते आणि ती लेबलवर छापलेली असते. अशी बिअर सहसा आजारी पाडत नाही. अल्कोहोल, आंबटपणा आणि हॉप्स मिळून रोगजंतूंना वाढू देत नाहीत. पण म्हणून ती पूर्ण किमतीला विकायची?

तारखेच्या आतली बाटली शिळी निघाली, तर मात्र मी ब्रुअरीला सोडणार नाही. मुदत तिनेच ठरवलेली असते. हॉप्सचा वास काही आठवड्यांतच उतरू लागतो हे माहीत असून पेल एलवर सहा महिने छापले, तर ते धाडस तिचं. आणि बिअर आंबलेली, गढूळ, उघडताच उसळणारी असेल, तर बहुतेक वेळा जिवाणू कारखान्यातच शिरलेले असतात. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरच्या या रोगांवर अख्खा ग्रंथ लिहिला. आज त्याला सबब नाही. तरी एकाच बाटलीवर निकाल नको. वेगळ्या शॉपीतून, वेगळ्या बॅचची दुसरी घ्या. तीही तशीच निघाली, तर खुशाल एक तारा द्या.

बार्लीवाइन, इम्पीरियल स्टाउट, बेल्जियमची लॅम्बिक, या बिअर वर्षानुवर्षं मुरवूनही पितात. त्यांना हा नियम लागू नाही, त्यावर वेगळं बोलावं लागेल. भाच्याने शेरा काढला नाही, मात्र त्याखाली बाटलीची तारीख घातली आणि तारे पुसले. मला तेवढं पुरे आहे. आता तुमचे प्रश्न घेतो.