५२ वजा २७

नमस्कार, श्रोतेहो.

तिसरीच्या वर्गातली एक वजाबाकी घेऊ. ५२ वजा २७. उत्तर २५. पण वर्गातली दोन-चार मुलं हमखास ३५ लिहितात. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल उलटं करतं. सातातून दोन काढून पाच लिहितं, मग पाचातून दोन काढून तीन. हा आळस नव्हे. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हे पूर्वी शिकलेलं त्यानं घट्ट धरून ठेवलेलं असतं. अशा मुलाजवळ बसावं, त्याच्यासमोर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवाव्यात, एक गठ्ठा त्यालाच सोडायला लावावा. पाच-सात मिनिटांत त्याला हातचा कळतो. ती मिनिटं मिळाली नाहीत, तर हीच चूक पुढे भागाकारात शिरते आणि तिथे ती शोधून काढणं फार अवघड जातं.

ही पाच-सात मिनिटं शाळेतून कुठे जातात, त्याविषयी आज बोलू.

जिल्हा परिषदेची छोटी शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते पाचवी, पट ५८. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. स्वतंत्र मुख्याध्यापक १५० च्या वर पट असेल तर. म्हणून या दोघांपैकीच एक जण प्रभारी मुख्याध्यापक. लिपिक नाही, शिपाई नाही. एक शिक्षक बैठकीला किंवा टपाल द्यायला पंचायत समितीत गेला, की पाचही इयत्ता दुसऱ्याच्या गळ्यात येतात. त्या दिवशी मुलांना नुसतं बसवून ठेवलं जातं.

कायदा काय सांगतो? कलम २७ प्रमाणे शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामं तीनच देता येतात : दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये असंही म्हटलं, की मतदार यादीची आणि निवडणुकीची कामं शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागानं शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारीही केली. तरीही भार कमी वाटत नाही, कारण त्यातला मोठा भाग ‘शाळेचंच काम’ या नावाखाली येतो. त्याला कलम २७ लागू करता येत नाही.

पोषण आहाराचं उदाहरण घ्या. ही योजना हवीच. मुलाच्या पोटात दुपारी गरम अन्न जातं, यापेक्षा मोठी गोष्ट नाही. पण तिचा हिशोब पाहा. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. हजर मुलं ५४ असतील, तर ५ किलो ४०० ग्रॅम तांदूळ, १ किलो ८० ग्रॅम डाळ, २ किलो ७०० ग्रॅम भाजी, २७० ग्रॅम तेल. हे मोजून द्यायचं, साठा नोंदवहीत उतरवायचं, शिजल्यावर चव घेऊन चव रजिस्टरात लिहायचं, आणि जेवलेल्या मुलांचा आकडा ऑनलाइन भरायचा. गडबड होते ती माल उतरवताना. गोणी ५० किलोची म्हणून घेतली आणि काट्यावर ती ४८ भरली, तर दोन किलोची तूट शिक्षकाच्या माथी. टेम्पोवाला घाईत असतो, वर्ग चालू असतो, सही होऊन जाते. तेव्हा पालकांनो, माल येईल त्या दिवशी तुमच्यातले दोघं काटा घेऊन हजर राहा. वजन झाल्याशिवाय पावतीवर सही होऊ देऊ नका. चव घ्यायलाही पाळीपाळीनं एक पालक येत जा. शिक्षकाचा अर्धा तास वाचेल आणि जेवणावर तुमचंही लक्ष राहील.

दुसरं वेळखाऊ काम म्हणजे आधार. दाखल खारीज रजिस्टरात, म्हणजे मुलांचा प्रवेश आणि शाळा सोडणं नोंदवण्याच्या वहीत, ‘श्रेया’, आधारवर ‘श्रीया’. जन्मतारीख एकीकडे १२ जून, दुसरीकडे १ जानेवारी. नाव जुळलं नाही की ऑनलाइन नोंद अडते. संचमान्यता, म्हणजे शाळेला शिक्षक किती हे ठरवणं, आधार वैध असलेल्या पटावर होते. पट काठावर असेल, तर दोन मुलांच्या नावातल्या अक्षरानं एक पद जाऊ शकतं. म्हणून शिक्षक घरोघरी फिरतात, आधार केंद्रात पालकांसोबत रांगेत उभे राहतात. हे काम पालकांना प्रवेशाआधीच संपवता येतं. जन्म दाखला आणि आधार शेजारी ठेवून नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तारीख अक्षर न् अक्षर पडताळा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मगच रजिस्टरात नाव घाला, कारण रजिस्टरातली नोंद मागाहून बदलणं किचकट असतं. मूल पाच वर्षांचं झालं की बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंदही करून घ्यावी लागते, हे लक्षात ठेवा.

याशिवाय काही शिक्षक मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असतात, म्हणजे एका केंद्राची मतदार यादी सांभाळतात. नमुना ६ नवीन नावासाठी, ७ नाव वगळण्यासाठी, ८ दुरुस्तीसाठी. यादीचा एक भाग, त्यातलं प्रत्येक घर. पुनरीक्षणाच्या, म्हणजे यादीच्या फेरतपासणीच्या दिवसांत फोन थांबत नाही.

या सगळ्यात सर्वांत आधी कशाचा बळी जातो? माझ्या मते तयारीचा. कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवलं आहे, म्हणजे दिवसाला चार तास. शिक्षकाचं काम मात्र आठवड्याला किमान ४५ तास, आणि त्यात तयारीचे तास स्पष्टपणे धरलेले आहेत. पाठ टाचण, म्हणजे उद्याच्या पाठाची लेखी आखणी, वह्या तपासणं, कुणाचं ३५ आलं हे शोधणं, हे सारं त्या तासांत व्हायचं. माहितीचे तक्ते आणि ‘आजच पाठवा’ असे निरोप तेच तास खातात. तास बुडाला तर मुलं घरी सांगतात. वही न तपासता राहिली, हे कुणालाच दिसत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला. ही समिती पुष्कळ करू शकते. शाळेत एक शंभर पानी वही ठेवा. तारीख, काम, आदेश कोणाचा, तो लेखी होता की व्हॉट्सअ‍ॅपवर, शिक्षक किती वाजता गेले, किती वाजता आले आणि कोणता वर्ग शिक्षकाविना राहिला, एवढंच लिहा. महिन्याच्या सभेत ती वही वाचा, इतिवृत्तात घ्या आणि ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. ‘फार कामं आहेत’ या तक्रारीवर कार्यालय काही करू शकत नाही. ‘सप्टेंबरात तिसरीचा वर्ग सात दिवस शिक्षकाविना होता, त्यातले चार दिवस अशा माहितीसाठी गेले जी यू-डायसमध्ये आधीच भरलेली आहे’ असं लिहून दिलं, तर उत्तर द्यावं लागतं. यू-डायस म्हणजे शाळांची माहिती भरायची सरकारी ऑनलाइन प्रणाली.

आणि एक तारीख टिपून ठेवा. जनगणनेचा संदर्भ दिनांक, म्हणजे ज्या दिवसाची लोकसंख्या धरायची तो दिवस, १ मार्च २०२७ ठरला आहे, आणि त्याआधीची मोजणी फेब्रुवारीत, अभ्यासक्रम संपत आलेला असताना. ती मोजणी शिक्षकांचं कायदेशीर कर्तव्य आहे, ती व्हायलाच हवी. पण त्या आठवड्यांत तिसरीला आणि चौथीला कोण शिकवणार, हे समितीनं डिसेंबरच्या सभेतच विचारावं आणि उत्तर लेखी घ्यावं.

नमस्कार.