फळीवरची अक्षरं

मित्रहो, अमेरिकेत फेब्रुवारी हा कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून पाळतात. ‘फेब्रुवारीच का?’ असं परवा एका विद्यार्थिनीनं मला विचारलं. त्याची एक बाजू अशा माणसाच्या वाढदिवसाशी जोडलेली आहे, ज्याला आपला वाढदिवस ठाऊकच नव्हता.

तो माणूस फ्रेडरिक डग्लस, पुढे गुलामगिरीविरुद्ध लढलेला लेखक आणि वक्ता. १८१८च्या सुमारास मेरीलँडमध्ये गुलामीत जन्मला. आई दुसऱ्या शेतावर राबायची. दिवसभराचं काम उरकून ती रात्री बारा मैल चालत यायची, लेकराला कुशीत घेऊन झोपवायची आणि उजाडायच्या आत माघारी जायची. कळत्या वयात त्यानं तिला चार-पाचदाच पाहिलं, तेही रात्री. पुढे त्यानं स्वतःच १४ फेब्रुवारी ही जन्मतारीख धरली.

बाल्टिमोरला मालकीणबाईंनी, सोफिया ऑल्ड यांनी, त्याला मुळाक्षरं शिकवायला घेतली. मालकाला कळताच त्यानं ते तिथल्या तिथे बंद पाडलं. वाचायला शिकलेला गुलाम हाताशी राहत नाही, असं त्याचं म्हणणं. डग्लस ते ऐकत उभा होता, आणि सुटकेची वाट कुठून जाते ते त्याला त्याच क्षणी उमगलं.

मग त्याची शाळा रस्त्यावर भरली. कामाला निघताना तो खिशात पाव घ्यायचा. गल्लीतली गरीब गोरी पोरं भुकेली असायची. त्यांना पाव द्यायचा आणि बदल्यात धडा घ्यायचा. गोदीत सुतार लाकूड तासून त्यावर खूण करायचे: जहाजाच्या डाव्या बाजूला, म्हणजे लार्बोर्डला, ‘एल’, उजव्या बाजूला, म्हणजे स्टारबोर्डला, ‘एस’. ती अक्षरं त्यानं पाहून पाहून गिरवली. कुंपण, भिंत, फरसबंदी ही त्याची वही आणि खडू ही लेखणी. १८३८मध्ये तो निसटला, १८४५मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं. त्यात त्या पोरांची नावं मात्र त्यानं लिहिली नाहीत. गुलामाला शिकवणं हा जवळजवळ अक्षम्य अपराध मानला जाई. मित्रांना त्रास नको. ही काळजी मला फार मोठी वाटते.

दुसरा माणूस कार्टर वुडसन, कृष्णवर्णीय इतिहासकार. आईवडील दोघंही गुलामीतून सुटलेले. तरुणपणी तो वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीत उतरला. तिथे ऑलिव्हर जोन्स नावाचे कृष्णवर्णीय खाणकामगार होते, यादवी युद्धात लढलेले. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं, पण घरात पुस्तकं होती. दमून आलेले कामगार त्यांच्याकडे बसत आणि वुडसन त्यांना वर्तमानपत्रं, पुस्तकं मोठ्यानं वाचून दाखवी. माझ्या मते तो इतिहासकार घडला तो तिथेच. हार्वर्डची डॉक्टरेट नंतर, १९१२ची. १९२६मध्ये त्यानं इतिहास सप्ताह सुरू केला आणि लिंकनचा १२ फेब्रुवारी व डग्लसचा १४ फेब्रुवारी हे दोन्ही दिवस त्यात बसवले. १९७६पासून त्याचा महिना झाला.

आपल्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली आणि ती कोणाला अर्पण केली? अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. गुलामगिरी तिथे कायद्यानं संपून जेमतेम आठ वर्षं झाली होती. आपल्याकडच्या शूद्रातिशूद्रांचं दुःख त्यांनी त्या दुःखाशेजारी ठेवून वाचलं. म्हणून हा महिना मला परका वाटत नाही.

नुसत्या तसबिरीला हार घालायला आपण जमलो नाही. वुडसन खाणकामगारांसमोर वाचायचा, तसं आज इथे वाचायचं आहे. डग्लसच्या पुस्तकातली एक जागा सांगतो आणि पुस्तक तुमच्या हाती देतो. लहानपणी त्याच्या अंगावर गुडघ्यापर्यंतचा एक जाडाभरडा सदरा, बस्स. पायात काही नाही. कडाक्याच्या थंडीत तो धान्याच्या पोत्यात डोकं खुपसून झोपायचा, पाय बाहेर राहायचे. ते गारठ्यानं इतके फुटले, की डग्लस लिहितो, आता ज्या लेखणीनं मी हे लिहितो आहे, ती त्या भेगांमध्ये ठेवता येईल.