गणवेश अंगावर बसला तर

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला चादर आठवते. पण याच शहरातल्या कारखान्यांतून दिवसभर गणवेशही शिवले जातात. शाळेचे, दवाखान्याचे, हॉटेलचे, वॉचमनचे. त्यामुळे आजचा विषय सोलापूरकरांच्या हातातलाच आहे. अनोळखी माणूस आपल्याशी कसा वागतो, यात आपल्या दिसण्याचा वाटा किती?

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 1955 साली एक प्रयोग झाला. सिग्नल लाल असताना एक माणूस रस्ता ओलांडायचा, कधी चांगल्या सुटात तर कधी ठिगळं लावलेल्या कामाच्या कपड्यात. माणूस तोच आणि नियम मोडणंही तेच, पण सुटात असताना त्याच्यामागून जास्त लोक रस्त्यात उतरले. 1974 साली मानसशास्त्रज्ञ लिओनार्ड बिकमन यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा प्रयोग प्रसिद्ध केला. रस्त्यावरच्या लोकांना ‘ही पडलेली पिशवी उचला’ असं सांगायचं. सांगणारा कधी साध्या कपड्यात, कधी दूधवाल्याच्या पोशाखात, कधी रखवालदाराच्या. लोकांनी सर्वांत जास्त ऐकलं ते रखवालदाराचं. दूधवाल्याचाही गणवेशच होता, पण त्याला ती किंमत मिळाली नाही. म्हणजे नुसता एकसारखा पोशाख पुरत नाही. त्या पोशाखामागे हुकूम द्यायचा हक्क आहे, असं बघणाऱ्याला वाटावं लागतं.

आणि हे वाटायला वेळ किती लागतो? 2006 साली विलिस आणि टोडोरोव्ह या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाच्या दहाव्या भागापुरते दाखवले. तेवढ्यात ‘हा विश्वासू वाटतो की नाही’ हे लोकांनी ठरवून टाकलं. इतरांनी सावकाश बघून दिलेलं मत त्याच्याशी बरंचसं जुळलं. जास्त वेळ दिल्यावर मुख्यतः आपल्या मताबद्दलची खात्री वाढली. मत बरोबर असतंच असं नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

आता कारखान्यातलं बोलू. गणवेशाचं कापड महाग की स्वस्त, हे लांबून कोणाला कळत नाही. लांबून दिसतो तो खांदा. शर्टाच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दीड इंच खाली उतरली की धडधाकट माणूसही दुसऱ्याचा शर्ट मागून घातल्यासारखा दिसतो. छातीचं माप अंगावर घेतल्यावर तयार शर्टात 4 ते 5 इंच लूज ठेवतात. त्याहून कमी ठेवलं तर बटणपट्टी ताणते, आणि फार ठेवलं तर शर्टाचा बोंगा होतो. कॉलर बंद केल्यावर आत दोन बोटं जावीत. पॅंटची मोहरी, म्हणजे पायाकडची कडा, बुटावर जेमतेम टेकावी, टाचेखाली येऊ नये.

उंचीत होणारी चूक सगळ्यांत जास्त, आणि तिचं कारण धुण्यात असतं. सुती कापड न आटवता कापलं आणि ते 4 टक्के आटलं, तर 28 इंचांचा शर्ट इंचभराहून जास्त आखूड होतो. मग गेटवरच्या वॉचमनने गाडी थांबवायला हात वर केला की शर्ट पॅंटमधून बाहेर येतो. त्या क्षणी गाडीवाला त्याचं ऐकेल, ही आशा सोडावी. कॉलरला फुगे येतात तेही धुतल्यावरच. आतलं फ्युजिंग, म्हणजे कॉलर ताठ ठेवणारं अस्तर, चिकटवताना उष्णता किंवा दाब कमी पडलेला असतो. रंगाचं तर विचारूच नका! दोन लॉटमधलं कापड ट्यूबलाइटखाली जुळतं आणि उन्हात शर्ट एका निळ्याचा, खिसा दुसऱ्या निळ्याचा. म्हणून कटिंगआधी कापड अंगणात आणून बघायचं, आणि एका शर्टाचे सगळे तुकडे एकाच थानातून काढायचे.

पोशाखाने माणसं एका पातळीवर येतात, हे सोलापूरकरांना दरवर्षी जानेवारीत दिसतं. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांबरोबर, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांबरोबर, पांढऱ्या बाराबंदीतले (बंदांनी बांधायच्या अंगरख्यातले) भक्त निघतात. त्यांत दुकानाचा मालक कोण आणि त्याच दुकानातला हमाल कोण, हे अनोळखी माणसाला सांगता येणार नाही. गर्दी दोघांनाही सारखीच वाट देते.

एरवी मात्र तसं घडत नाही, आणि त्याची सुरुवात ऑर्डरच्या कागदावरच होते. साहेबांचे ब्लेझर एकेकाचं माप घेऊन शिवले जातात. वॉचमनला निदान 38, 40, 42 असे साइज मिळतात. झाडलोट करणाऱ्या बायकांच्या ओळीत मात्र एकच शब्द असतो, ‘फ्री साइज’. साडीवर चढवायचा तो कोट कोणाच्या गुडघ्यापर्यंत येतो, तर कोणाचं बटणच लागत नाही. मग त्या कोटातल्या बाईला येणारे-जाणारे ‘ए’ म्हणून हाक मारतात. सगळा दोष कोटाचा नाही, हे मान्य. पण निदान तीन साइज केले तर कापडात पडणारा फरक किरकोळ असतो. लहान कोटाला उलट कापड कमीच लागतं. छाती, खांदा आणि उंची एवढी तीनच मापं घ्या. पंचवीस बायकांची मापं तासाभरात होतात. खिशावर नावाची पट्टी शिवा, अक्षरं अर्धा इंच तरी उंच हवीत. नाव वाचता आलं की ‘ए’ म्हणणं जरा जड जातं.

अजून एक. ऑर्डर देताना अर्ध्या बाहीबरोबर पूर्ण बाहीचाही पर्याय ठेवा, आणि तो का हवा हे विचारू नका. एखाद्याच्या हातावर कोड असतो. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नाहीशा झाल्याने ते पांढरे डाग येतात, स्पर्शाने ते पसरत नाहीत. तरीही त्या हातातून सुटे पैसे घेताना लोक बोटं आखडतात. बाही लांब करून लोकांची बोटं सुधारत नाहीत. पण आज हात झाकायचा की उघडा ठेवायचा, हे त्या माणसाला स्वतः ठरवता येतं. सोलापुरातल्या एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण बाहीला कापड सुती जास्त असलेलंच घ्या, आणि कापायच्या आधी ते आटवून घ्या.