बदाम, चौकट, इस्पिक, किलवर

(पत्ते पिसणारे हात, अगदी जवळून)

डाव मांडायचा नाहीये. ऑनलाइन गेम खेळणारी माणसं ओळखायला कुणीतरी हे चार रंग वापरले, त्याची ही गोष्ट.

(काळा पडदा, हिरवी अक्षरं उमटत जातात)

१९७८. इंग्लंडमधलं एसेक्स विद्यापीठ. रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं तिथल्या संगणकावर एक गेम लिहायला घेतला. मल्टी-यूझर डंजन, थोडक्यात मड. चित्र नाही, आवाज नाही. दिशा टाइप केली की पुढच्या जागेचं वर्णन उमटायचं, आणि त्याच क्षणी तिथे दुसरा खेळाडू असला तर तोही. खजिना सापडला की नेऊन दलदलीत टाकायचा. हो, दलदलीतच, गुण त्याचेच! भरपूर गुण साठले की खेळाडू 'विझर्ड' व्हायचा. १९८० मध्ये गेम रिचर्ड बार्टलच्या हाती आला, आणि त्यानं तो वाढवला.

पुढे अशाच एका मडवरचे विझर्ड आपसात वाद घालत बसले. नोव्हेंबर १९८९ ते मे १९९०. मुद्दा एवढाच, की लोकांना यातून हवंय तरी काय? त्या वादातून बार्टलनं गाळून काढलं ते १९९६ मध्ये निबंध म्हणून आलं. खेळाडू चार तऱ्हांचे, तऱ्हेगणिक एक रंग.

(कराड, प्रीतिसंगम. संध्याकाळ. कट्ट्यावर चार मुलं, चार मोबाइल)

चौघं एकच गेम खेळतायत, बीजीएमआय. नकाशावर उतरायचं, लढायचं, शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला.

डावीकडच्याचा जीव टियरमध्ये, म्हणजे गेममधल्या श्रेणीत. क्राउनवरून एसला पोचायचंय. हा चौकट, खजिन्यामागे धावणारा. शेजारचा माइक चालू करून अखंड बोलतोय, बंदुकीकडे लक्षच नाही. बदाम. तिसरा दर वेळी नकाशावरच्या पोचिंकी गावातच उतरतो, कारण तिथे माणसं सापडतात. मारायला. किलवर. इंग्रजीत किलवरच्या नावाचा दुसरा अर्थ सोटा, आणि इस्पिकच्या नावाचा फावडं. मराठीत ही गंमत हरवते.

(चौथ्या मुलाचा चेहरा, मग त्याचा स्क्रीन)

फावडं म्हणजे हा. खणत बसणारा. कॅमेरा याच्यावर जास्त रेंगाळलाय, ते मुद्दाम. एरँगेल नावाच्या नकाशाच्या पार कडेला, जिथे कुणी फिरकत नाही, तिथे हा एका छपरावर चढायची वाट शोधतोय. खिडकीतून जमत नाही. कुंपणावरून उडी मारून बघतो. पुन्हा. पुन्हा. निकालाच्या तक्त्यात याला रकाना नाही.

चौघांच्या घरी वाक्य मात्र एकच: 'दिवसभर गेम खेळतो.'

(पोचिंकी, गोळीबार)

बार्टलच्या म्हणण्याप्रमाणे मारणारे माजले की गप्पांसाठी आलेले काढता पाय घेतात. पुढे निक यी या संशोधकानं हजारो खेळाडूंना प्रश्नावल्या भरायला दिल्या. त्याला दिसलं, की एकाच माणसात यातले अनेक हेतू मिसळलेले असतात. ते असो.

(पुन्हा चौथा स्क्रीन. निळा झोन सरकत येतो; त्यात सापडलं की जीव कमी होत जातो)

तो छपरावर पोचलाय. वरून नदी दिसते. झोन अंगावर आलाय, पण तो हलत नाही.