सीसॉ आडवा का थांबत नाही?

सीसॉच्या एका बाजूला, मधल्या टेकूपासून 2 मीटरवर, 30 किलोचं मूल बसलंय. समोर 40 किलोचं मूल आलं, तर त्यानं कुठं बसायचं?

दीड मीटरवर. 30 गुणिले 2 म्हणजे 60, आणि 40 गुणिले दीड, तेही 60. फळीला फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, वजन आणि टेकूपासूनचं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. तरफेचा हा नियम आर्किमिडीजनं ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केला. फळीचं स्वतःचं वजन? टेकू बरोबर मध्यावर असेल, तर ते सोडून द्या.

जवळ बसणाऱ्याच्या वाट्याला झोका मात्र लहान येतो. ते जड मूल 30 सेंटीमीटर खाली येतं, तेव्हा समोरचं 40 सेंटीमीटर वर जातं.

पुस्तकातला धडा बहुधा इथंच संपतो. पण एवढं मोजूनमापून बसवलं, तरी फळी आडवी थांबत नाही. क्षणभर रेंगाळते आणि कुठल्यातरी बाजूला कलते. असं का?

मुलं फळीच्या वर बसलेली असतात. त्यांचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळं वजन जिथं एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू, पोटाच्या आसपास असतो; टेकूपेक्षा बराच उंच. फळी उजवीकडे किंचित झुकली आणि मुलंही तिच्याबरोबर कलली, की उजवीकडच्या मुलाचा गुरुत्वमध्य टेकूपासून लांब जातो, डावीकडच्याचा जवळ येतो. खाली जाणाऱ्याचाच टॉर्क वाढतो, म्हणून ते आणखी खाली जातं. हा अस्थिर समतोल. तराजूत नेमकी उलटी सोय असते: दांडीचा गुरुत्वमध्य टेकूच्या खाली ठेवतात, म्हणून झुकलेली दांडी परत आडवी येते.

मुलं हे सगळं न शिकता वापरतात. वर अडकलेलं मूल मागे रेलतं. 30 किलोच्या मुलाचा गुरुत्वमध्य 10 सेंटीमीटर मागे गेला, की 60 चे 63 होतात. जणू त्याच्या जागेवर दीड किलो वाढलं. बिजागरी गंजलेली नसेल, तर तेवढं पुरतं.

काही नव्या सीसॉंना टेकूपाशी स्प्रिंग असतात. फळी जितकी झुकेल, तितक्या जोरानं त्या तिला मागे खेचतात. त्यामुळे रिकामी फळी आडवी उभी राहते आणि वजनातला थोडा फरकही खपून जातो. सुरक्षिततेला ते बरं, पण मागे रेलून समोरच्याला उचलण्याची मजा त्यात थोडी कमीच.